हॉलमध्ये ५.१ बसवलं आणि गाणं हरवलं. काय करू?

नौपाड्याची

धागा लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

आमचं ठाण्यातलं, नौपाड्यातलं घर पुनर्विकासात गेलं आणि दीड वर्षापूर्वी आम्ही घोडबंदर रोडला, कावेसरला राहायला आलो. हॉल १६ फूट बाय साडेदहा. नव्या घरात यांना आणि लेकाला ५.१ होम थिएटर हवं होतं, म्हणजे पाच स्पीकर आणि खालच्या, धडधडत्या आवाजासाठी एक सबवूफर. मीही लगेच हो म्हटलं. पाच स्पीकर म्हणजे दोनापेक्षा बरेच असणार, असा साधा हिशोब. लांब भिंतीवर टीव्ही, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक बुकशेल्फ, टीव्हीखाली सेंटर, समोरच्या भिंतीला टेकून सोफा, त्याच्या डोक्यावर दोन छोटे स्पीकर आणि दाराजवळ चपलांच्या रॅकशेजारी सबवूफर. या सगळ्यांना आवाज पुरवणारा रिसीव्हर धरून ९२ हजार गेले. लावायला आलेल्या माणसाने पुढचे दोन्ही स्पीकर ब्रॅकेट ठोकून सात फुटांवर चढवले. म्हणाला, "खाली ठेवले की लादी पुसताना हलतात, मॅडम."

सिनेमा फर्मास दिसतो आणि ऐकू येतो. पाऊस पडला की बाल्कनीतले कपडे आठवतात. त्याबद्दल काही म्हणणं नाही.

दुखणं गाण्याचं आहे. बाबा दर शनिवारी रात्री गाणं लावायचे. एक डेक, एक ॲम्प्लिफायर आणि सुताराकडून मुद्दाम करून घेतलेल्या दोन सागवानी स्टुलांवर दोन स्पीकर. दोन्हींच्या मधे लाकडी कपाट. पलंगाच्या कडेला बसलं की गाणारा त्या कपाटाच्या मुठीपाशी असायचा. अगदी तिथेच. सहा-सात वर्षांची असताना मी कपाट उघडून पाहिलंय.

त्या सगळ्या कॅसेट मी लॉकडाऊनमध्ये लॅपटॉपवर उतरवून घेतल्या. आता इथे लावल्या की गळा टीव्हीच्या खालून, ड्रॉवरमधून आल्यासारखा येतो. तबल्याची चाट एकीकडे आणि डग्गा पार चपलांच्या रॅकपाशी. तबलजी एक हात हॉलमध्ये आणि एक हात दाराबाहेर ठेवून वाजवतोय जणू. आणि संथ आलाप सुरू असताना आवाज आपोआप मोठा होतो, तान आली की दबतो. अर्ध्या तासात कान शिणतात. मी बंद करून टाकते.

दुकानदार म्हणतो गाण्यासाठी वेगळा स्टिरिओ ॲम्प घ्या, साठ-सत्तर हजार होतील. बाबांचा ॲम्प माळ्यावर आहे पण त्याची एक बाजू बोलत नाही. वेगळा ॲम्प घ्यावा, की बाबांचा दुरुस्त करावा, की हे सगळं विकावं? शेवटचा पर्याय घरात मांडायची सोय नाही.

वाशीकर काका

ताई, एक रुपयाही काढू नका. आधी गाणं चालू असताना रिसीव्हरच्या काचेवर काय अक्षरं येतात ते सांगा. "स्टिरिओ" येतं का "डॉल्बी सराउंड"?

माझा अंदाज दुसरं येत असेल. त्या प्रकारात रिसीव्हर दोन वाहिन्यांचं गाणं घेऊन ते पाच स्पीकरना वाटतो. वाटताना नियम असा, की डाव्या-उजव्यात जे सारखं आहे ते सेंटरला द्यायचं. तुमच्या जुन्या कॅसेट बहुतेक मोनो असणार. मोनोमध्ये तर सगळंच सारखं! म्हणजे गवई, पेटी, तबला, सगळी मैफल त्या टीव्हीखालच्या एका डब्यात कोंबली जाते. ड्रॉवरमधून गाणं येतंय ही उपमा तुम्ही दिलीत, ती अक्षरशः खरी आहे.

डग्ग्याचं उत्तर क्रॉसओव्हरमध्ये सापडेल. स्पीकरच्या सेटिंगमध्ये जाऊन पुढच्या दोघांसमोर किती हर्ट्झ लिहिलंय बघा. त्या आकड्याच्या खालचा आवाज सबवूफरला जातो. साधारण ८० च्या खाली आवाज कुठून येतोय हे कानाला नीटसं कळत नाही, म्हणून ८० ठेवायची पद्धत आहे. आकडा त्याच्या बराच वर असेल तर डग्गा चपलांशेजारी जाऊन बसणारच.

आणि आलाप-तान एका पट्टीत येतात, त्याअर्थी "डायनॅमिक व्हॉल्यूम" किंवा "नाइट मोड" असं काहीतरी चालू राहिलंय. रात्री सिनेमा बघताना बाळ उठू नये म्हणून ती सोय असते. ख्यालाचा त्यात जीव जातो. बंद करा.

नौपाड्याची

काका, नमस्कार घ्या. काचेवर "डॉल्बी सराउंड"च होतं. क्रॉसओव्हर १५०! डायनॅमिक व्हॉल्यूम चालू. लेकाने तिन्ही बदललं. डग्गा घरात आला, तान तानेसारखी झाली.

पण आता नवीनच. स्टिरिओ केल्यावर गळा ड्रॉवरमधून निघाला खरा, पण समोर आलाच नाही. तो कुठेच नाहीये. कधी डोक्याच्या मागे वाटतो, कधी दोन्ही कानांना वेगवेगळा चिकटल्यासारखा. मान हलवली की सरकतो. बाबांच्या खोलीतला गवई एका जागी बसायचा हो, हा भुतासारखा हिंडतोय. आणि गळा पातळही झालाय, छातीच नाही त्याला.

जुनी टेप

रिसीव्हरवर गाणं ऐकायचा अट्टाहास का? ९२ हजार घेऊन ते पाच स्पीकर, एक सबवूफर आणि एका डब्यात वाटले, तर एकेकाच्या वाट्याला काय आलं याचा हिशोब करा. तेच दोन स्पीकर आणि एका ॲम्पमध्ये घातले असते तर आज ही पोस्ट टाकावी लागली नसती. रिसीव्हर माइक लावून खोलीप्रमाणे आवाज जुळवून घेतो ना, त्या कॅलिब्रेशनच्या माइकला गाणं कळत नाही. विका आणि मोकळे व्हा. मी २००९ साली विकलं, आजवर पश्चात्ताप नाही.

ऐरोली नाइट शिफ्ट

@जुनी टेप, हिशोब बरोबर आहे, पण ताईंनी विकणं बाद केलंय आणि घरात आणखी दोन माणसं राहतात.

ताई, तुम्ही जे वर्णन केलंय ना, "कुठेच नाही, मान हलवली की सरकतो, छाती नाही", ते वाचून मी खुर्चीतून उठलो. तुमच्या पुढच्या दोन स्पीकरपैकी एकाची वायर उलटी लागलेली असण्याची दाट शक्यता आहे. प्लसची मायनसला.

दोन स्पीकरच्या मधोमध, जिथे काहीच ठेवलेलं नाही तिथे आवाज उभा राहतो, ही सगळी स्टिरिओची जादू. ॲलन ब्लुमलाइन नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १९३१ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला तो याच कल्पनेचा. पण त्यासाठी दोन्ही स्पीकरचे पडदे एकाच वेळी बाहेर आणि एकाच वेळी आत जायला हवेत. एक उलटा लागला की एक हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. मग मधला माणूस उभा राहत नाही आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात.

तुम्हाला दीड वर्ष कळलं नाही याचं कारणही मजेशीर आहे. सिनेमात संवाद सेंटरमधून येतात, गाणंही तिकडेच पाठवलं जात होतं, आणि १५० च्या खालचं सगळं सबवूफर सांभाळत होता. तीन चुका एकमेकींवर पांघरूण घालून बसल्या होत्या. तुम्ही दोन काढल्या, तिसरी उघडी पडली.

तपासायचं असं: रिसीव्हर बंद करून प्लग काढा. एका स्पीकरची वायर रिसीव्हरच्या बाजूने सोडवा. साधा दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या. लाल खुणेची तार सेलच्या प्लसला, दुसरी मायनसला, नुसती टेकवून उचला, धरून ठेवू नका. स्पीकरवरची जाळी काढून कोणाला तरी मोठ्या पडद्याकडे बघत उभं करा. टक् आवाज होऊन पडदा बाहेर आला तर सरळ, आत गेला तर उलटं. मग दुसऱ्याचं तसंच.

आणि एक सांगा, कॅलिब्रेशनच्या वेळी स्क्रीनवर फेजबद्दल, म्हणजे वायर उलटी असल्याबद्दल, काही सूचना आली होती का?

नौपाड्याची

डावा बाहेर. उजवा आत!!

लेक स्टुलावर चढून जाळी काढून बघत होता, मी खाली टॉर्चमधला सेल घेऊन बसले होते. "आई, परत कर, परत कर" असं चार वेळा झालं. उजव्या स्पीकरच्या मागे तार खरंच उलटी. आणि हो, त्या दिवशी स्क्रीनवर फेज असं काहीतरी आलं होतं, लेकाला पक्कं आठवतंय. त्या दादांनी "हे सगळ्यांकडे येतं" म्हणून पुढचं बटण दाबलं.

तार सुलटी केली, तीच कॅसेट लावली. गवई आला! एका जागी आला, छातीसकट आला. फक्त आता तो टीव्हीच्या वर, भिंतीवरच्या घड्याळात बसलाय. आम्ही तिघं माना वर करून सोफ्यावर. हे म्हणाले, विमानतळावर गाडी लागल्याची पाटी वाचतोय असं वाटतंय. (विमानतळावर गाडी कुठून लागणार, पण असो.)

ऐरोली नाइट शिफ्ट

ती सूचना कधीकधी खोटीही येते, त्यामुळे दुर्लक्ष करायची सवय लागते. पण वायर बघून मग पुढे जायचं असतं.

आता घड्याळातून खाली उतरवू. ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला वरच्या सुरांचा छोटा पडदा, तुमच्या कानाच्या उंचीवर हवा. सोफ्यावर बसून जमिनीपासून कानापर्यंत टेप लावा, ३६-३७ इंच भरेल. दोन स्पीकरमधलं अंतर आणि स्पीकरपासून तुमच्यापर्यंतचं अंतर जवळपास सारखं, म्हणजे समभुज त्रिकोण. तुमच्या हॉलमध्ये सात-साडेसात फूट जमेल. मागच्या भिंतीपासून निदान फूटभर पुढे.

सोफा भिंतीला टेकलेला आहे, हे मात्र मला खटकतंय. साडेदहा फूट म्हणजे ३.२ मीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४५ मीटर धरा, त्याला या अंतराच्या दुपटीने भागा. ५४ हर्ट्झ. त्या सुराला खोली स्वतःच घुमते आणि भिंतीलगत ते घुमणं सर्वांत जास्त असतं. तुमचं डोकं नेमकं तिथेच. दीड फूट पुढे ओढता आला सोफा तर बघा. तेवढा नाही तर जेवढा सरकेल तेवढा.

@जुनी टेप, माइकला गाणं कळत नाही हे कबूल. पण ५४ हर्ट्झचं घुमणं कळतं, आणि ते साठ हजारांच्या ॲम्पनेही जात नाही. दोनशे हर्ट्झच्या खाली ॲम्पपेक्षा खोलीचा हात जास्त असतो. वरचं हवं तर माइकला हात लावू देऊ नका, काही रिसीव्हरमध्ये दुरुस्ती ठरावीक हर्ट्झपर्यंतच ठेवायची सोय असते.

जुनी टेप

खोलीबद्दलचं मान्य. उंचीबद्दलचंही. छताला स्पीकर टांगणाऱ्यांना मी काय म्हणतो ते इथे लिहिता येत नाही.

ताई, तुमच्या वडिलांचा ॲम्प टाकू नका आणि असाच चालूही करू नका. इतकी वर्षं पडून असला की आतले मोठे कपॅसिटर सुकतात. एक बाजू बंद असण्याचं कारण क्षुल्लकही असू शकतं, सिलेक्टरच्या किंवा बॅलन्सच्या बटणात धूळ बसली तरी असं होतं. पण दुरुस्त करणाऱ्याला स्पीकर जोडायच्या आधी आउटपुटला डीसी व्होल्टेज मोजायला सांगा. शून्याच्या आसपास हवं. काही व्होल्ट आलं तर तुमचे स्पीकर जळतील. सुटे भाग लॅमिंग्टन रोडला मिळतात, पण आधी ओळखीचा माणूस शोधा जो घाई करत नाही.

वाशीकर काका

टेपराव विरघळले, नोंद घ्यावी.

ताई, पुढे कधी वेगळा ॲम्प घ्यावासा वाटलाच तर दोन गोष्टी बघा. एक, तुमच्या रिसीव्हरच्या मागे डाव्या-उजव्यासाठी प्री-आउट, म्हणजे बाहेरचा ॲम्प जोडायची भोकं, आहेत का. स्वस्त रिसीव्हरला बहुधा फक्त सबवूफरचं प्री-आउट असतं, मग हा मार्गच बंद. दोन, नव्या ॲम्पला होम थिएटर बायपास आहे का. असेल तर सिनेमाच्या वेळी आवाजाचं सगळं रिसीव्हर बघतो, ॲम्प नुसता ताकद देतो. गाण्याच्या वेळी रिसीव्हर बंद, ॲम्प एकटा. स्पीकर तेच दोन. बायपास नसलेला ॲम्प घेतलात तर सिनेमाला दर वेळी त्याचं बटण एकाच खुणेवर आणावं लागतं. माझ्या मेव्हण्याकडे तसं होतं. एकदा सुनेने बटण पुसताना फिरवलं आणि संध्याकाळी बातम्या लावल्यावर शेजारची बेल वाजली.

मजला तिसरा

तांत्रिक काही येत नाही, पण मी सबवूफरच्या खाली राहणारा माणूस आहे, म्हणून लिहितो. मानपाड्याला राहतो. वरच्यांचा सिनेमा मला ऐकू येत नाही. संवाद नाहीत, गाणी नाहीत, फक्त धड्... धड्... स्लॅबमधून. कोण मेलं तेही कळत नाही. शेवटी वर गेलो तर ते बिचारे म्हणाले, आवाज तर बारीकच आहे. त्यांच्या कानाला बारीकच होता. आम्ही दोघांनी मिळून सबवूफर कोपऱ्यातून काढला, खाली जाड रबराची चटई घातली, रात्री दहानंतर सबवूफरचा आवाज वेगळा कमी करायचं ठरलं. पूर्ण गेलं नाही, झोपण्याइतकं झालं. ताई, खालच्यांना एकदा विचारा.

ऐरोली नाइट शिफ्ट

@मजला तिसरा, मोलाचं बोललात. कोपऱ्यात सबवूफर सर्वांत जास्त घुमतो, म्हणून लोक तिथेच ठेवतात. जागा शोधायची एक वेडी युक्ती आहे. सबवूफर उचलून सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा. डग्गा भरपूर असलेलं काहीतरी लावा आणि तुम्ही जमिनीवर रांगत हॉलभर फिरा. जिथे डग्ग्याची मींड सगळीकडे सारखी, न फुगता ऐकू येईल, तिथे सबवूफर ठेवायचा. कुरिअरवाला आला तर दार उघडू नका.

काळी एक

उशिरा आले. गाणं शिकवते, ठाण्यातच. एक भर घालते.

१५० वर क्रॉसओव्हर म्हणजे किती वाईट, हे सुरांत सांगते. पुरुष गायकाचा षड्ज काळी एक असेल तर तंबोऱ्याची जोडी, म्हणजे मधल्या दोन तारा, साधारण १३९ हर्ट्झला आणि खरज, म्हणजे सर्वांत खालची तार, त्याच्या निम्म्यावर, ६९ ला. म्हणजे जोडी आणि खरज दोन्हींचे मूळ सूर चपलांच्या रॅकला! नशीब एवढंच, की जवारीमुळे, म्हणजे तारेच्या त्या झणझणत्या गुंजनामुळे, तंबोऱ्यात मूळ सुरापेक्षा वरचे स्वयंभू सूरच जास्त बोलतात, ते पुढच्या स्पीकरमध्ये राहिले. म्हणून तंबोरा तुटल्यासारखा वाटला नाही, डग्गा मात्र पळाला. ८० वर आता फक्त खरजाचं मूळ खाली जातं, ते चालतं.

तपासायला सिनेमासंगीत लावू नका, नुसता तंबोरा लावा. जोडी लागल्यावर जवारीची धार दोन्ही स्पीकरच्या मधे उठायला हवी. विद्यार्थ्यांना मी हेच ऐकवते.

नौपाड्याची

तीन आठवड्यांनी येतेय, माफ करा.

बाबांची स्टुलं भावाकडे डोंबिवलीला होती. एकावर मनी प्लांट आणि एकावर वहिनीचा मिक्सर. रिक्षाने नाही, टेम्पोने आणली, कारण येताना भावाने जुनं कपाटही गळ्यात मारलं. ब्रॅकेट काढले, भिंतीला आठ भोकं राहिली, त्यावर हे अजून बोलतात. स्पीकर आता स्टुलांवर, सात फूट अंतरावर, तोंडं किंचित आत. सोफा फक्त दहा इंच पुढे आला, त्याच्यापुढे जेवणाच्या टेबलाचा मार्ग अडतो. तेवढ्यानेही ती घुमी कमी झाली.

सबवूफरसाठी रांगले. मी नाही, लेक. जागा सापडली टीव्हीच्या डावीकडे, बाल्कनीच्या दाराच्या अलीकडे. खाली रबर. खालच्या काकूंना विचारलं, त्या म्हणाल्या, आम्हाला वाटायचं तुमच्याकडे पिठाची गिरणी आहे.

कॅलिब्रेशन नव्याने केलं, पहाटे पाच वाजता. घोडबंदरला रात्रभर अवजड गाड्या चालतात, त्यातल्या त्यात तेव्हा शांत. पंखा बंद, फ्रिज बंद, आणि माइक खुर्चीवर न ठेवता कॅमेऱ्याच्या स्टँडवर. या वेळी फेजची सूचना आली नाही. क्रॉसओव्हर ८०. रिमोटच्या एका बटणावर सिनेमा, दुसऱ्यावर गाणं असं लेकाने साठवून दिलंय. गाण्याच्या बटणात स्टिरिओ, डायनॅमिक सगळं बंद.

वेगळा ॲम्प घेतला नाही. रिसीव्हरच्या मागे बघितलं, काका म्हणाले तसंच, प्री-आउट फक्त सबवूफरचं. बाबांचा ॲम्प एकांना दाखवलाय, ते घाई करत नाहीत, इतकी करत नाहीत की दोन आठवडे फोनही उचललेला नाही.

काळी एक ताई, नुसता तंबोरा लावला. खरंच मधून उठतो. मग बाबांनी घरच्या बैठकीत टेप केलेली कॅसेट लावली. गवई टीव्हीच्या काळ्या काचेच्या बरोबर मधे. सम आल्यावर कोणीतरी "वा" म्हणतं ते आजवर मला ऐकूच आलं नव्हतं. पंखा लावला की पुन्हा जातं. उन्हाळ्यात काय करायचं ते तेव्हा बघू.

यांची एक तक्रार राहिली आहे, सिनेमात हाणामारी आता "खाली" वाटते म्हणे. सवय होईल.

ऐरोली नाइट शिफ्ट

होईल. ताई, स्टुलांची उंची किती आहे? मलाही तशीच करून घ्यायची आहेत. आणि तुमच्याकडची कधी काढणार असाल तर...

नौपाड्याची

२६ इंच. सागवानी. नाही.